एच टू ओ आणि अर्धं सोडवलेलं गणित

कांचन, आज टमटममध्ये तुझ्या जागेवर एक कोंबडा बसला होता.

शहाडला मी नेहमीसारखी चढले. तुझी ती कडेची जागा अडवायला पर्स ठेवणार, तेवढ्यात एका मावशींनी तिथं टोपली ठेवली. टोपलीवरचं फडकं हललं आणि आतून त्यानं मान बाहेर काढली. दशरथनं आरशात पाहिलं. इतकी वर्षं तो आपल्याला शाळेत नेतोय, तुझी जागा त्याला पाठ आहे. म्हणाला, "बाई, मावशींना पुढं घेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे रे. माझ्याकडे असं रोखून बघणारं कोणीतरी हवंच." दशरथ हसला, आणि मग रस्त्यावर चिटपाखरू नसताना त्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. रायत्याच्या पुलावर सकाळी धुकं असतं अजून. पुलावर शिरलं की मागचं कल्याण पुसून जातं, पुढचं गाव उमटलेलं नसतं, खाली उल्हास नदी आहे की नाही हे फक्त गारव्यावरून कळतं. त्या दीड मिनिटात मला रोज वाटतं, हा पूल आज संपणारच नाही, आपण अशाच तरंगत राहणार, शाळा नाही, हजेरी नाही, परिपाठ नाही. एकदा हे मी तुला बोलून दाखवलं होतं. तू पदर सावरत म्हणालीस, "पुलाची लांबी ठरलेली असते, वैशाले."

हल्ली मी ते मनातल्या मनात तुझ्या आवाजात म्हणते, आणि तेव्हाच पूल संपतो.

तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असं हेडसर म्हणाले. जन्म कुठे, शिक्षण किती, सेवा किती वर्षं. ते मी त्यांना दिलं, नोटीस बोर्डावर लागलं. हे लिहितेय ते वेगळं. यात एक कबुली आहे. ती पहिल्या ओळीतच द्यायला हवी होती, पण तू मला ओळखतेस. पडदा उघडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तर आपलं कुंदोली. धड गाव नाही, धड शहर नाही. बाजारपेठेची एक गल्ली, दोन मेडिकल, एक पेट्रोल पंप, आणि भेंडीच्या शेतांमधून उभे असलेले 'फार्महाऊस प्लॉट विकणे आहे'चे फलक. त्यांच्या पलीकडे आपली सरकारी शाळा, आठवी ते दहावी. तू गणित, मी मराठी आणि गॅदरिंग. पोरांच्या भाषेत तू 'कडक बाई' आणि मी 'नाटकवाल्या बाई'.

आपलं भांडण पहिल्याच वर्षी सुरू झालं, ते गुणांवरून. शाळेच्या हातात जे वीस गुण असतात, तोंडी परीक्षेचे, वह्यांचे, ते मी दिवाळीच्या फराळासारखे वाटायची. वर्गात येऊन हसला तरी अठरा. आणि तू? ज्याला चार येतात त्याला चार. हेडसर तुझ्यासमोर हात जोडून उभे राहिलेले मी पाहिलेत.

"बाई, अहो सगळ्या शाळा देतात."

"देऊ देत."

"पोरगी दोन गुणांनी नापास होतेय."

"दोन गुणांनी नाही होत, सर. ती बावीस गुणांनी नापास होतेय. तुम्हाला वरचे वीस दिसत नाहीत एवढंच."

मी तुला निर्दयी म्हणायची. तू मला लबाड म्हणायचीस. मग डबा उघडून माझ्यातली वांग्याची भाजी घ्यायचीस. तुझ्या डब्यात कायम तेच, पोळी आणि कोरडी डाळ. लबाड बायकांच्या घरी स्वयंपाक चांगला असतो, हे तुझं मत मी प्रशस्तिपत्रक म्हणून जपलंय.

आठ वर्षांपूर्वी मात्र भांडणाला दात आले. सलग दोन वर्षं दहावीचा निम्मा वर्ग गणितात आपटला होता. वरून पत्र आलं की शाळेची कामगिरी समाधानकारक नाही, तपासणी होईल, दहावीचा वर्ग चालू ठेवायचा की नाही ते त्यावर ठरेल. म्हणजे वर्ग बंद झाला तर पोरांनी कल्याणला जायचं. मुलगे जातील. मुली नववीपर्यंत शिकतील आणि घरी बसतील, हे सांगायला कोणा अधिकाऱ्याची गरज नव्हती. पाड्यावरच्या आया शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहायला लागल्या. त्यातली एक तुला तोंडावर म्हणाली, "बाय, तुमच्या त्या गनितानं आमच्या पोरींचं वाटोलं होनार." त्या दिवशी टमटममध्ये शहाडपर्यंत तू बाहेर बघत राहिलीस, आणि मी पहिल्यांदाच विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही गॅदरिंग बसवता. तपासणीही बसवा."

कांचन, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी भूमिका ती होती, अगदी खरं सांगते. साहेब आधी आठवीत येणार हे हेडसरांनी ठरवून टाकलं. मी दहा प्रश्न काढले, दहा पोरं निवडली, ओळीनं पहिल्या बाकांवर बसवली. प्रश्न मी विचारणार, उत्तरं ती देणार, क्रम ठरलेला. पहिला प्रश्न पाण्याचं सूत्र. दुसरा, पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला किती दिवस. तिसरा, अहिंसा म्हणजे काय. पंधरा दिवस तालीम. आणि मी त्यांना रंगमंचाचा पहिला नियम शिकवला. समोरचा नट चुकला, वाक्य विसरला, भलतंच बोलला, तरी आपण गोंधळायचं नाही. आपली पाळी आली की आपलं वाक्य खणखणीत घ्यायचं.

तू दारात उभी राहून एकदा ऐकलंस. "आणि मध्येच वेगळं काही विचारलं तर?"

"नाही विचारणार. प्रश्न मी विचारणारेय."

"माझ्या दहावीला यात घ्यायचं नाही."

"अगं, तुझ्याच वर्गासाठी चाललंय ना हे."

"म्हणूनच," म्हणालीस, आणि खडूची पेटी घेऊन गेलीस.

साहेब आले. उंच, शांत, हातात फाईल. मी पहिलं वाक्य घेणार तोच त्यांनी हात वर केला. "तुम्ही बसा, बाई. मी बोलतो मुलांशी." आणि पहिल्या बाकावरच्या पोराकडे वाकून मायेनं विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?"

पोरगा ताडकन उभा राहिला. "एच टू ओ."

साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या मुलीला विचारलं, "तुझ्या घरी किती माणसं आहेत गं?"

"तीनशे पासष्ट."

मागून कोणीतरी पादल्यासारखा आवाज करत हसू दाबलं. साहेब तिसऱ्याकडे वळले. आवाज अजून तसाच गोड. "मधल्या सुट्टीत काय करता तुम्ही?"

"कोणत्याही जिवाला दुखावत नाही."

हेडसर भिंतीला टेकले. चौथी पोरगी उभी राहायच्या बेतात होती, तिचं उत्तर 'गाढ झोपेत' होतं, प्रश्न काय येणार होता देव जाणे. तेवढ्यात मी उठले. कशी उठले माहीत नाही. टाळी वाजवली आणि म्हणाले, "साहेब, हे आमचं छोटंसं प्रहसन होतं. घोकंपट्टीनं काय होतं ते मुलांनी स्वतः बसवलंय. आता खऱ्या तासाला सुरुवात करूया?"

आठवीच्या त्या पोरांचं काय वर्णन करू. एकालाही काही माहीत नव्हतं, पण मी टाळी वाजवली म्हणून दहाही जणांनी उभं राहून प्रेक्षकांना करतात तसं लवून अभिवादन केलं. साहेब हसले. खुर्चीत बसून, चष्मा काढून, डोळे पुसत हसले. मग फाईल उघडून काहीतरी लिहिलं आणि तुझ्या वर्गाकडे निघून गेले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. दहावी चालू ठेवावी.

गावानं माझा सत्कार केला, आठवतो ना? शाल, श्रीफळ, आणि सरपंचांचं भाषण, की वैशालीबाईंच्या एका टाळीनं शाळा वाचली. पुढे ते असंही म्हणाले की काही जणांच्या हट्टापायी आपण वर्ग घालवूनच बसलो होतो. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस, मोजून वाजवल्यासारख्या, एकसारख्या.

मग वर्षानुवर्षं टमटममध्ये आपला रोजचा खेळ चालला. मी म्हणायची, माझ्या नाटकानं शाळा वाचली. तू म्हणायचीस, पोरांच्या गणितानं वाचली. भेंडीचे क्रेट घेऊन बसलेले लोक बाजू घ्यायचे. बहुमत कायम माझं. तुझ्या बाजूनं फक्त दशरथ, तोही तुझ्या धाकानं. "एच टू ओ"ची गोष्ट मी इतकी सांगितली की घरच्या माणसांचा आकडा एका वर्षी चारशेवर गेला, आणि तू मागून सुधारलंस, "तीनशे पासष्ट. निदान खोटं तरी बरोबर सांग."

आता कबुली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी ठाण्याला प्रशिक्षणाला गेलेले. तू रजेवर होतीस. दुपारच्या चहाला तिथं ते साहेब दिसले. मला राहवलं नाही. कौतुक करून घ्यायला मी स्वतः चालत गेले. त्यांनी लगेच ओळखलं.

"एच टू ओ," म्हणाले आणि हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, रागावू नका. ते प्रहसन नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. हसू आवरलं नाही हे खरं. पण हसता हसताच मी शेरा लिहिला होता, की वर्ग बंद करावा."

मी माझाही कप खाली ठेवला.

"मग त्या गणिताच्या बाईंच्या वर्गात गेलो. फळ्यावर एक गणित घातलं. एक मुलगी आली. तीन ओळी बरोबर सोडवल्या आणि खडू ठेवला. मला म्हणाली, सर, इथपर्यंत येतं. पुढचं बाईंनी अजून शिकवलेलं नाही. शिकवलं की परत या." त्यांनी कप पुन्हा उचलला. "इतक्या वर्षांत मला शाळेत कोणी परत या म्हटलं नव्हतं. मी बाईंकडे चाचणीचे गठ्ठे मागितले. खरे गुण होते हो. जूनमध्ये तीन, चार. मग सात. मग अकरा. एकेक पोर वर सरकताना दिसत होतं. दुसरीकडे सगळ्यांना अठरा असतात, त्यात काय दिसणार. मी शेरा खोडला."

म्हणजे तू जिंकली होतीस. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल त्या दिवशी दुपारीच लागला होता, आणि तो फक्त मला माहीत होता. तुझ्या वर्गात असं काही घडलं हे तू कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटतं, तुझ्या लेखी काही घडलंच नव्हतं. एका मुलीनं येतं तेवढं गणित सोडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी टमटममध्ये तू विचारलंस, "काय गं, साहेब भेटले म्हणे?"

मी म्हटलं, "हो. बघताक्षणी ओळखलं. म्हणाले, एच टू ओ."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तू हसलीस आणि म्हणालीस, "म्हणजे तूच जिंकलीस म्हणायची." पुढे पूल आला, धुकं आलं. त्या दीड मिनिटात मला बोलता आलं असतं. मग बाजारपेठ आली, आणि दिवस सुरू झाला, आणि मग दुसरा दिवस, आणि सहा वर्षं.

का नाही सांगितलं? शालीसाठी नाही. ती शाल मी केव्हाच गाद्यांच्या कपाटात टाकली. खरं कारण लाजिरवाणं आहे. तुझ्याशी भांडायला मला फार आवडायचं. सकाळी उठून अंगात येणारा तो उत्साह, आज कांचनला काय बोलू, हा. सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणाली असतीस आणि वही तपासायला घेतली असतीस, आणि आपला खेळ संपला असता. आणि माझा खेळ चालावा म्हणून मी तुला गावात सहा वर्षं 'काही जण' राहू दिलं.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला तुझ्या घरी आले होते, तेव्हा सांगायचंच ठरवून आले होते. रिक्षात वाक्यं पाठ केली होती. तू उशीला टेकून बसली होतीस, हात फार बारीक झालेले. मी तोंड उघडलं आणि तू म्हणालीस, "त्रिकोणमिती सुरू केली का कोणी?" मी म्हटलं, "नाही गं." तुझा चेहरा असा उतरला, की मी घाईघाईनं एच टू ओची गोष्ट सुरू केली. तू डोळे मिटून ऐकत होतीस. तीनशे पासष्टवर ओठ हलले तुझे. मला वाटलं, झोपलीस. पाठ केलेली वाक्यं तशीच घेऊन मी जिना उतरले.

परवा शाळेत शोकसभा झाली. सगळं गाव आलं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं सगळं. ठाण्याचा चहा, खोडलेला शेरा, चाचणीचे गठ्ठे. एच टू ओला लोक हसले, त्याला माझा इलाज नाही, ते वाक्य कसंही म्हटलं तरी हसतातच. पण पुढचं मी अगदी साधं सांगितलं. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. कांचननं शाळा वाचवली, मी ते लपवलं, असं स्पष्ट म्हटलं.

खाली उतरले तर सरपंच डोळे पुसत होते. म्हणाले, "बाई, मन लागतं त्याला. स्वतःचं श्रेय असं गेलेल्या माणसाला देऊन टाकायला मन लागतं." आणि माझ्या पाया पडायला वाकले.

मी म्हटलं, "अहो दादा, खरं सांगतेय मी."

"तेच तर," ते म्हणाले.

कांचन, तू असतीस तर किती हसली असतीस. कोणीही विश्वास ठेवला नाही. बायका मला जवळ घेऊन सांगत होत्या की किती छान बोललात. जिनं तुला पोरींच्या वाटोळ्याबद्दल सुनावलं होतं, तीही. तिच्या पोरीनं दहावी इथूनच केली. मी तिचा हात धरला, पुन्हा सांगायला गेले. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. इतकी वर्षं मी या गावाला नाटकं दाखवली, आता त्यांना माझं साधं बोलणंही रंगलेलं वाटतं. यात त्यांची चूक नाही.

म्हणून इथं लिहितेय. टाळ्या नाहीत, आवाज नाही, नुसतं लिहिलेलं. वाचणाऱ्यानं हवं तर पुन्हा वाचावं.

तुझा नववीचा तास सध्या रिकामा जातो. नवे शिक्षक यायला वेळ लागेल म्हणतात. काल हेडसर म्हणाले, "बाई, जरा जाऊन बसा, काहीतरी गोष्ट सांगा त्यांना." मी गेले. मला बघताच पोरांनी वह्या मिटल्या, सरसावून बसली, पुढच्या बाकावरची दोघं आधीच हसायला लागली. मी खुर्चीपर्यंत गेले. गोष्ट जिभेवर तयार होती. आणि मी म्हटलं, "गणिताची पुस्तकं काढा."

पुढच्या बाकावरची दोघं हसायची थांबली.

"बाई, तुम्ही शिकवनार?" कोणीतरी विचारलं.

"नाही. मला येत नाही."

खिडकीजवळच्या बाकावर एक काळीसावळी, दोन घट्ट वेण्यांची मुलगी बसली होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. हसली नाही. "काहीच नाय येत?"

"काहीच नाही. दहावीला कशीबशी सुटले होते."

तिनं थोडा विचार केला, आणि मग माझ्यावर विश्वास ठेवला. मला तो तिच्या चेहऱ्यावर बसताना दिसला. दप्तर उचलून तिनं मांडीवर घेतलं आणि ती भिंतीकडे सरकली.

"मग हिथं बसा," ती म्हणाली. "आमी पयल्या धड्यापासनं परत करतोय."